लानतिंगची ‘मूळ प्रत’ बीजिंगमध्ये नाही

चिनी सुलेखनकार वांग शीझी याच्या ‘लानतिंग प्रस्तावने’च्या (लानतिंग मंडपातल्या मेळाव्यात रचलेल्या कवितांना त्याने लिहिलेल्या प्रस्तावनेच्या मसुद्याच्या) फोटोखाली एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे: “इ.स. 353 मध्ये मद्याच्या धुंदीत लिहिलेला हा मूळ कागद बीजिंगच्या संग्रहालयात आहे. हीच त्याची शैली. बाकी सगळ्या नकला, म्हणून कवडीमोल.”

‘हा मूळ कागद आहे.’

नाही. फोटोतली प्रत नंतरच्या थांग राजघराण्याच्या काळातली ‘शनलोंग’ प्रत आहे. परंपरेने ती फंग छंगसू या दरबारी नक्कलकाराची मानली जाते. कडेला ‘शनलोंग’ (705–707) या राजवर्षांची अर्धी मुद्रा आहे, म्हणून हे नाव. ती मुद्राही मागाहून उमटवलेली असावी, असं बरेच जाणकार मानतात. मूळ कागद सम्राट थायझोंगबरोबर 649 मध्ये झाओलिंगच्या थडग्यात गेला, अशी परंपरा आहे. पुढे वन थाओ या लष्करी सरदाराने ते थडगं लुटलं, पण लानतिंग काही पुन्हा दिसलं नाही. आज वांगच्या हातचा म्हणून निर्विवाद मानला जाणारा एकही कागद उरलेला नाही. तैपेईतलं ‘ख्वाइश्वे’ पत्र, प्रिन्स्टनमधलं ‘शिंगरांग’, जपानच्या शाही संग्रहातलं ‘सांगल्वान’ या सगळ्या प्रतीच आहेत.

‘नकला, म्हणून कवडीमोल.’

खरी गफलत इथे आहे, कारण नक्कल आणि नक्कल यांत फरक असतो. थांग दरबारातली उत्तम पद्धत अशी: मेण चढवलेला अर्धपारदर्शक पिवळसर कागद मूळ प्रतीवर ठेवायचा, उजेडासमोर धरायचा, बारीक कुंचल्याने प्रत्येक फटकाऱ्याची दुहेरी बाह्यरेषा काढायची आणि मग आत शाई भरायची. बाह्यरेषा किंचित बाहेर गेली की फटकारा फुगतो. एकाच दाटपणाची शाई भरली की मूळची गडद-फिकट चढउतार जाते. कोरड्या कुंचल्याचे पांढरे ओरखडे तर केसाएवढ्या रेघांनी एकेक करून रंगवावे लागतात. तिथे घाई झाली की अक्षर मेलंच. भिंगाखाली काठाला गडद रेघ किंवा बाह्यरेषा आणि भराव यांच्यात फट दिसली, तर प्रत या पद्धतीची समजावी.

शनलोंग प्रतीत मसुद्याच्या खुणा जशाच्या तशा उतरल्या आहेत. 28 ओळी, 324 अक्षरं; चौथ्या ओळीत ‘छोंगशान’ ही दोन अक्षरं बाजूला घुसडलेली; काही ठिकाणी गिरवून केलेल्या दुरुस्त्या. ‘मेइ’ या अक्षरातली आडवी रेघ गडद आणि बाकी भाग फिका आहे, कारण तिथे आधी ‘एक’ या अर्थाची नुसती आडवी रेघ होती. हा फरक दोन शायांनी राखणाऱ्या कारागिराला कवडीमोल म्हणणं धाडसाचं आहे. ल्याओनिंग संग्रहालयातल्या वांग घराण्याच्या पत्रांच्या प्रतीत (697) तर मूळ कागदाच्या फाटक्या कडाही बारीक रेघेने नोंदवल्या आहेत.

दगडी किंवा लाकडी कोरीव पाट्यांचे ठसे वेगळे. ओलसर कागद पाटीवर ठोकून बसवायचा, वर शाई थोपटायची. अक्षर काळ्यावर पांढरं उमटतं. इथे शाईचा दाटपणा पूर्ण जातो आणि छिन्नी टोकं कडक करते. अशा ठशांचा 992 चा ‘छुनहुआ’ संग्रह पुन्हापुन्हा कोरला गेला, त्यामुळे त्याचे उशिराचे ठसे पाहून फटकाऱ्याच्या गतीबद्दल बोलू नये. अक्षराच्या बांधणीपुरतेच ते वापरावेत.

‘हीच त्याची शैली.’

लानतिंग म्हणजे त्याची धावती लिपी, शिंगशू. तीही एकच छटा. ल्याओनिंगमधलं ‘यीमू’ पत्र जड, बोथट आणि जुन्या लीशू (कारकुनी लिपी) वळणाकडे झुकणारं आहे. ‘सांगल्वान’ शिंगशूमध्ये सुरू होतं आणि शेवटाकडे त्साओशूत, म्हणजे जलद जोडलिपीत, घसरतं. ‘शीछी’ पत्रसंग्रह पूर्ण त्साओशू, तर ‘हुआंगतिंग’ बारीक काईशू, म्हणजे सुटी, नियमित लिपी. ही दोन्ही मुख्यतः ठशांतून माहीत आहेत. 1964–65 मध्ये नानजिंगजवळ त्याच काळातले कोरीव मृत्युलेख सापडले, त्यातला एक वांगच्या चुलतभावाचा. त्यांचं वळण इतकं चौकोनी होतं की इतिहासकार ग्वो मोरुओ यांनी लानतिंगच बनावट ठरवलं. सुलेखनकार गाओ एर्शी यांनी विरोध केला. आमच्या मते गाओंची बाजू भक्कम आहे: दगडावर छिन्नीने कोरलेला औपचारिक लेख आणि कागदावरचा कच्चा मसुदा सारखे दिसतीलच कसे?

उलट सावधगिरी हवी ती शीआनच्या 672 च्या शिलेबाबत. ह्युएनत्संगाच्या, म्हणजे पुलकेशीच्या महाराष्ट्राचं वर्णन करणाऱ्या त्याच यात्रेकरूच्या भाषांतरांना थायझोंगने लिहिलेली प्रस्तावना भिक्षू ह्वायरेनने वांगची सुटी अक्षरं जमवून तिथे रचली. जी अक्षरं मिळाली नाहीत, ती इतर अक्षरांचे तुकडे जोडून बनवली. सुटं अक्षर अभ्यासायला ती उत्तम आहे. ओळीचा प्रवाह, अक्षरांमधलं अंतर किंवा आकाराचा चढउतार तिच्यावरून शिकू नये, कारण ते ह्वायरेनचं आहे.