टकटक आवाज आणि 'एका दिवसात' हा माझा शब्द

नमस्कार ताई,

तुम्ही दोन तारे दिलेत आणि लिहिलंत की एकमेकींत अडकवायच्या पट्ट्यांबद्दल दुकानात "क्लिकची फरशी एका दिवसात बसते" असं सांगितलं, लागले चार दिवस. लेव्हलिंगचे, म्हणजे खालची जमीन सपाट करायचे, वरून पैसे घेतले, आणि आता बाल्कनीच्या दाराशी पाय पडला की टकटक वाजतं. यापेक्षा टाइल्स सोप्या पडल्या असत्या, व्हिडिओत तर एक बाई एकटी दुपारभरात खोली करते, असंही तुम्ही म्हटलंय.

"एका दिवसात" हे शब्द माझे आहेत. तुमची खोली न बघता, काउंटरवर उभ्या उभ्या बोललो. इतकी वर्षं या धंद्यात असून असं बोलायला नको होतं. ही चूक माझी आहे, कारागिरांवर राग धरू नका.

आता तुमच्या खोलीबद्दल. जुनी मोझॅकची फरशी, तळमजला, आणि ऑगस्ट २०२४मध्ये वडोदऱ्यात आलेल्या विश्वामित्री नदीच्या पुरात आत पाणी आलेलं. म्हणूनच तुम्हाला आवडलेलं लॅमिनेट मी नको म्हटलं. त्याचा गाभा लाकडाच्या भुशाचा दाबलेला असतो. एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि परत बसत नाही. तुम्ही घेतलेल्या एसपीसीचा, म्हणजे या क्लिकच्या पट्ट्यांचा, गाभा चुनखडीची पूड आणि पीव्हीसी यांचा आहे, पाण्याने त्याचं काही बिघडत नाही. पण खालचा उंचसखलपणा त्याला अजिबात चालत नाही. आमच्या माणसाने सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी फरशीवर आडवी ठेवली तेव्हा मधे तिच्याखालून पेन्सिल आरपार गेली. दोन मीटरला साधारण तीन मिलिमीटरपर्यंत चालतं, तुमच्याकडे दुपटीहून जास्त होतं. तशीच बसवली असती तर चालताना पट्ट्या खाली दबून त्यांना जोडणारे कडेचे लॉक सहा महिन्यांत तुटले असते.

म्हणून लेव्हलिंग करायचं ठरलं, पण त्याआधी ओल बघितली. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवला होता, तो तुम्ही बघितलात. सकाळी खाली दव नव्हतं, तेव्हा पुढचं काम धरलं. प्रायमर, मग वीस-वीस किलोच्या चार पिशव्या लेव्हलिंगचं मिश्रण, मग ते वाळायला वेळ. पट्ट्यांचे खोके तेवढ्यात खोलीतच उघडून ठेवले होते, म्हणजे मालाला खोलीच्या हवेची सवय होते. बसवायचं काम चौथ्या दिवशी सकाळी दहाला सुरू झालं आणि चारला संपलं. म्हणजे बसवणं खरंच सोपं होतं, वेळ खाल्ला खालच्या फरशीने.

व्हिडिओतली बाई मीही बघितली. खोली रिकामी, खालचा कोबा आरशासारखा. तशी खोली मिळाली तर तुमचा मुलगाही बसवेल, हे मी मनापासून सांगतो. कटर, रबरी हातोडी, टेप, एवढंच लागतं.

टाइल्सचं मात्र पटत नाही. जुन्या फरशीवर टाइल चिकटवायची तर टाइल आणि अॅडहेसिव्ह मिळून उंची बारा-तेरा मिलिमीटर वाढते, म्हणजे तुमचे दोन्ही दरवाजे खालून कापायचे. दोन फुटी टाइल थोडी जरी वरखाली बसली तरी कडा पायाला लागते, आणि मागे अॅडहेसिव्ह नीट पसरलं नाही की पोकळ वाजते. पोकळ वाजणारी टाइल काढताना शेजारचीही फुटते. सांध्यांत ग्राउट भरण्याआधी चोवीस तास कुणी पाय ठेवायचा नाही, आणि सासूबाई त्याच खोलीत झोपतात. कोटा दगड घातला असता तर जुनी फरशी फोडणं, मलब्याच्या गोण्या, आठवडाभर पाणी मारणं, शेवटी पॉलिशच्या मशीनचा राखाडी चिखल भिंतींवर. कोटा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, दगड म्हणून मला तोच सगळ्यात आवडतो. पण राहत्या घरात, एका खोलीसाठी तो मी कुणाला सुचवणार नाही. अंथरायची विनाइल शीट या सगळ्यांत सोपी, दोन तासांचं काम. फक्त खालच्या मोझॅकचा प्रत्येक सांधा तिच्यावर उमटला असता, त्यामुळे लेव्हलिंग तिलाही चुकलं नसतं.

राहिला आवाज. रविवारी मी आलो होतो तेव्हा सकाळी नऊला काहीच वाजलं नाही. तुम्ही म्हणालात, "दुपारी या." चार वाजता आलो, पश्चिमेचं ऊन काचेतून थेट फरशीवर, आणि दाराशी पाऊल टाकताच आवाज आला. स्कर्टिंगची पट्टी उचलून बघितली तर शेवटची पट्टी उंबऱ्याच्या दगडाला टेकलेली. ही फरशी खाली चिकटवलेली नसते, मोकळी असते. उन्हाने थोडी पसरते, म्हणून कडेला आठ-दहा मिलिमीटर जागा सोडावी लागते. बाकी तिन्ही भिंतींना ती सोडली आहे, दाराशी राहिली. पट्टीला पसरायला जागा नाही, म्हणून ती वर उचलते आणि पायाखाली आपटते. हा आमच्या कामातला दोष आहे आणि तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे.

दाराकडच्या दोन ओळी काढून जागा सोडू, वर धातूची जोडपट्टी बसवू. याचे पैसे नाहीत. लेव्हलिंगच्या पिशव्या तुमच्या खोलीत लागल्या आहेत, त्यांची किंमत मी परत करणार नाही. पण आधी न सांगता लावलेली मजुरी परत करतो, ती घ्यायचा मला हक्क नव्हता. काचेला जाड पडदा तेवढा तुम्ही लावा, कारण इथल्या मे महिन्याचं ऊन जागा सोडूनही फरशीला सोसवत नाही.

कालपासून दुकानात खोली बघितल्याशिवाय दिवस सांगायचे नाहीत असं ठरवलंय, मुलालाही सांगितलंय. तारे बदला असं मी म्हणणार नाही, आधी काम होऊ दे.

गुरुवारी सकाळी आठला येतो, ऊन यायच्या आत. दारापुढचं लोखंडी कपाट तुम्ही सरकवू नका, आम्ही दोघं उचलून बाजूला ठेवू.