‘झोडणं’ या शब्दाबद्दल

भाऊ, गावोगाव पायी हिंडणं हेही शिक्षणच, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एक चूक आधी कबूल करतो. विनोबांना पहिलं भूदान पवनारजवळच मिळालं असं वाटावं, असं माझं वाक्य होतं. ते मिळालं तेलंगणात, पोचमपल्लीला, १८ एप्रिल १९५१ रोजी. दुरुस्ती केली आहे.

पण ‘चार घरचा पाहुणचार झोडायचा आणि त्याला शिक्षण म्हणायचं, ही शहरी चैन’ हे तुम्ही कोणाला ऐकवताय? माझा बाप सालदार होता, सालाने राबणारा गडी. शाळेसाठी मी रोज दोन कोस तुडवले, तेव्हा कोणी त्याला चैन म्हटलं नाही. मतभेद असू द्या, पण बोलायची काही रीत असते.

लेखातला प्रसंग पुन्हा सांगतो. मूर्तिजापूरहून शकुंतला रेल्वेच्या रुळांच्या कडेने दर्यापूरकडे निघालो होतो. भर दुपार. विहिरीत पाणी दिसत होतं आणि भोवतालची वावरं कोरडी. मनात काय आलं ते सांगतो, लाज वाटते तरी: लोक आळशी दिसतात. विहिरीवर वाकलो तशी धुऱ्यावरून एक बाई ओरडली, “पावणे, ते खारं हाये! थांबा, गोडं आणतो.” मग तिच्या ओट्यावर तिचा सासरा तासभर बोलला. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अकोला, अमरावती, बुलडाण्यात हा खारपाणपट्टा. ते पाणी दिलं की काळी माती चिकटते आणि वाळली की दगड होते. म्हणून पावसाची ओल धरून ठेवायची, तिच्यावर हरभरा काढायचा. “पाणी हाये म्हनून वावराले पाजाचं नसते, बापू.”

हे शेतकीच्या पुस्तकात आहे म्हणता. आहेच! पण लोकांना आळशी ठरवून मोकळा झालेला माणूस पुस्तक उघडतो कशाला? आणि झोडलं काय, तर गडवाभर पाणी अन् ठेचा-भाकर. भाकर मी मागितलीही नव्हती.

गाडगेबाबांशी स्वतःची बरोबरी मी केलेली नाही, लेख पुन्हा वाचा.

राहिले तुमचे दोन प्रश्न: निंदणीला जाणाऱ्या बाईला असं हिंडायला सवड कुठून मिळणार, आणि पाणी देणारीचं नाव लेखात का नाही. पहिला विषय वेगळा आहे, इथे नको. नाव विचारायचं राहिलं. बस.

अमरावतीला आलात तर चहा माझ्याकडे. झोडायला या.