लॅटिन मिस्सा आणि आमची आजी

तुमच्या लेखात लॅटिन मिस्सेचा, म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना जुन्या पद्धतीने लॅटिनमध्येच व्हावी असा, आग्रह धरणाऱ्यांना सरसकट ‘बंडखोर’ म्हटलंय, ते पटलं नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली या जुन्या लॅटिन विधीला मोकळीक दिली, पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२१मध्ये ती आवळली. मधली १४ वर्षं परवानगीनेच जाणारी माणसं एका रात्रीत बंडखोर कशी झाली? आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५मधली जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) लॅटिन बंद केलं, हेही खरं नाही. परिषदेच्या १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लोकभाषेला वाव दिलाय, पण लॅटिन जपावं असंही लिहिलंय.

मी वसईची, मला मराठी मिस्साच आपली वाटते. पण आमची आजी शेवटच्या आजारात नातवंडांची नावं विसरली, तरी लॅटिन मिस्सेतलं ‘सांक्तुस, सांक्तुस’ (पवित्र, पवित्र) ओठांवर होतं. संध्याकाळी तिच्या खाटेशी रोजरी (जपमाळेची प्रार्थना) धरायचो, तेव्हा मण्यांवरून तिची बोटं कधी चुकली नाहीत.

मात्र पोपना पाखंडी ठरवणारे व्हिडिओ रात्रभर बघायचे आणि म्हाताऱ्या आईला रविवारी चर्चला न्यायला वेळ नाही, असले ‘परंपरावादी’ आमच्याच नात्यात आहेत. ‘आईवडिलांचा मान राख’ ही चौथी आज्ञा यांना कुठल्या भाषेत सांगायची? गेल्या रविवारी अशाच एकाच्या आईला, आमच्या मावशींना, रिक्षात बसवून मीच नेलं.