लोह-५७ आणि गॅमा किरण : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अन्नातले लोह शरीर किती शोषते हे मोजण्यासाठी तान्ह्या मुलांनाही लोह-५७ हे समस्थानिक (म्हणजे लोहाचाच, पण वेगळ्या वजनाचा अणू) देतात, असे मी रक्तक्षयावरील लेखात लिहिले होते. ज्याच्यापासून गॅमा किरण निघतात असे मीच मॉसबाउअर परिणामाविषयी (घन पदार्थातली अणुकेंद्रके धक्का न बसता गॅमा किरण सोडतात व शोषतात, त्याविषयी) लिहिताना सांगितले, तेच मुलांच्या पेजेत घालण्याचे समर्थन कसे करता, असा आपला आक्षेप आहे. साध्या लोहावर का भागत नाही, असेही आपण विचारले आहे.

गॅमा किरण बाहेर टाकते ते लोह-५७ चे उत्तेजित, म्हणजे जादा ऊर्जा असलेल्या, अवस्थेतले अणुकेंद्रक. प्रयोगशाळेत ते कोबाल्ट-५७ या किरणोत्सारी द्रव्याच्या ऱ्हासातून निर्माण होते, आणि या उत्तेजित अवस्थेचा अर्धायुकाल (निम्मी केंद्रके शांत व्हायला लागणारा वेळ) सेकंदाच्या जेमतेम एक कोट्यंश असतो. त्यानंतर उरते ते स्थिर लोह-५७. मुलांना दिले जाणारे लोह-५७ नैसर्गिक लोहातूनच वेगळे काढलेले असते, ज्यात ते मुळातच सुमारे २.१ टक्के असते. प्रौढ माणसाच्या अंगात साडेतीन ग्रॅम लोह धरले, तर आपण ही प्रतिक्रिया लिहीत असतानाही आपल्या शरीरात जवळपास ७५ मिलिग्रॅम लोह-५७ होते.

साधे लोह पोटात गेले की अंगातल्या लोहात मिसळून जाते आणि मग ते ओळखता येत नाही. म्हणून, समजा चहाचा परिणाम पाहायचा असेल तर, एका जेवणात लोह-५७ आणि चहासोबत दिलेल्या दुसऱ्या जेवणात त्याहून दुर्मिळ असे लोह-५८ घालतात, १४ दिवसांनी थोडे रक्त घेतात आणि नव्या तांबड्या पेशींत दोन्हींचे प्रमाण किती वाढले ते वस्तुमान-वर्णपटमापकावर (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) पाहतात. लोहाचे शोषण माणसागणिक फार बदलते. इथे तुलना त्याच माणसाच्या दोन जेवणांची होत असल्यामुळे चहाने किती घट झाली ते नेमके कळते.

आपली धास्ती मात्र मी उडवून लावणार नाही. १९६९ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे भारतीय वंशाच्या स्त्रियांना किरणोत्सारी लोह-५९ घातलेल्या चपात्या दिल्या गेल्या, आणि त्या स्त्रियांना पुरेशी कल्पना दिली नव्हती ही तक्रार १९९५ मध्ये उघडपणे पुढे आली. स्थिर समस्थानिकामुळे किरणांचा प्रश्न मिटतो. संमतीचा मिटत नाही, आणि मुलांच्या बाबतीत तो प्रश्न आई-वडिलांना विचारावाच लागतो.