मामांचा पिन शेजारच्याला का माहीत असावा?

सांगलीच्या माझ्या मामांची नजर काचबिंदूने गेली त्याला सहा वर्षं झाली. फोन ते टॉकबॅक (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारी फोनमधली सोय) लावून सराईतपणे वापरतात, व्हॉट्सॲप, बातम्या, सगळं स्वतःचं स्वतः. अडलं ते बँकेच्या केवायसीला. ॲप म्हणतं चेहरा गोलात आणा आणि डोळे मिचकवा, पण गोल कुठेय ते कोणी सांगायचं? शेवटी शेजारच्या मुलाने करून दिलं, आता पिन पण त्याला माहितीय.

मी मेलबर्नमधून फॅमिली ग्रुपवर चिडून लिहिलं तर उत्तर आलं, "अगं, करून द्यायला कोणीतरी असतंच की. आधी फुटपाथ धड होऊ देत, मग वेबसाइटचं बघू."

कोणीतरी असतंच हे खरंय, आणि ते मला इथे फार जाणवतं, कारण इथे दार वाजवून बोलवावं असं कोणी नाहीये. पण तो मुलगा चांगला आहे म्हणून मामांचे पैसे सुरक्षित आहेत, ही काय व्यवस्था झाली का! माणूस मदतीला असणं वेगळं आणि मदतीशिवाय गत्यंतरच नसणं वेगळं.

खर्चाचं म्हणाल तर इथली एक केस सांगते. सिडनी ऑलिम्पिकच्या वेबसाइटवर चित्रात काय आहे ते सांगणारा मजकूर नव्हता, निकालांचे तक्ते वाचता येत नव्हते, म्हणून ब्रूस मॅग्वायर या अंध माणसाने 1999 मध्ये तक्रार केली. आयोजक म्हणाले दुरुस्तीला वर्षभर लागेल, 20 लाख डॉलरच्या वर खर्च येईल. मानवी हक्क आयोगाला ते पटलं नाही, ऑगस्ट 2000 मध्ये निकाल मॅग्वायरच्या बाजूने लागला आणि साइट पूर्ण सुधारली नाही म्हणून पुढे 20,000 डॉलर भरपाई द्यावी लागली. जुनी अवाढव्य साइट नंतर दुरुस्त करायला खर्च येतो हे मी टेस्टिंगच्या कामात रोज बघते, पण फोनला वाचून दाखवता येईल असं नाव बटणाला सुरुवातीलाच द्यायचं तर कोडची एक ओळ लागते. आणि फुटपाथवाला माणूस वेगळा, कोड लिहिणारा वेगळा, एकाने दुसऱ्यासाठी थांबायचं कशाला?

इथे सगळं छान आहे असं नाही. अंध माणसासारखं माउस बाजूला ठेवून कीबोर्डवरची नुसती टॅब की दाबत गेलं की कितीतरी दुकानांच्या साइटवर पैसे भरायच्या पानावर अडकायला होतं. पण तक्रार केली तर कोणी "घरच्यांना सांगा ना" म्हणत नाही.

आणि कायदा आपल्याकडेही आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि 30 एप्रिल 2025 ला तर सुप्रीम कोर्टाने नेमक्या याच केवायसीच्या प्रश्नावर निकाल दिला, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध याचिकाकर्त्यांच्या बाजूने, की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. साधनंही आहेत. एनव्हीडीए हा कॉम्प्युटरवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनी बनवलाय, फुकट आहे आणि मराठी वाचतो. पण पुढे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली पीडीएफ आली की तो इंग्रजी अक्षरांचा कचरा वाचतो, आणि स्कॅन केलेला कागद असेल तर गप्पच बसतो. मराठी वाचणाऱ्या अंध माणसाची ही अडवणूक आपणच केलीय, त्यात परदेशाचा काही संबंध नाही.

मी मामांना बँकेला लेखी तक्रार द्या म्हटलं, मीच लिहून देते असंही म्हटलं. "नको," म्हणाले, "मी बोलून टाइप करतो, तू फक्त शुद्धलेखन बघ."