कोमट कॉफीचा सूड

पँटवरचा डाग तीन धुण्यांनंतरही तसाच आहे, म्हणून लिहितोय. नाहीतर मी मनात काही ठेवणारा माणूस नाही. (खोटं. ठेवतो.)

रविवारी सकाळी फिल्म क्लबात फ्रिट्झ लांगचा ‘द बिग हीट’ होता. १९५३चा, कृष्णधवल, दीडेक तासाचा. पोलिसासाठी गाडीत लावलेला बॉम्ब त्याच्या बायकोचा जीव घेतो आणि तो पोलीस, म्हणजे ग्लेन फोर्डचा बॅनियन, सूडाला निघतो. शेजारच्या खुर्चीत एक काका, मांडीवर थर्मास.

बारमधली ल्यूसी पडद्यावर आली.

“ही जाणार,” काका.

गेली.

“पाहिलाय का आधी?” मी दबक्या आवाजात.

“छे हो! चेहऱ्यावर दिसतं.”

हिरोची बायको त्याच्याच ग्लासातला घोट घेत हसत होती. (ही जोसेलिन ब्रँडो, मार्लनची थोरली बहीण. काम गोड, संसाराचा पाक मात्र जरा जास्तच घट्ट.) “एवढं सुख बरं नव्हे,” काका हळहळले. “हीपण जाणार.”

धडाम.

“आणि ती मेलेल्या पोलिसाची विधवा?” आता मीच विचारलं. लाज वाटते सांगायला.

“जाणार. पण हिचं वाईट वाटणार नाही.”

संताप याचा, की माणूस बरोबर होता. सिनेमाचं दुखणं नेमकं हेच. हा बॅनियन ज्या बाईशी चार वाक्यं बोलेल तिचं तिकीट कापलेलं. चौघी जातात! साहेबांचे हात मात्र स्वच्छ. गळा आवळतात, सोडून देतात. विधवेला गोळी घालायची ती गुंडाच्या मैत्रिणीनं, ग्लोरिया ग्रॅहमच्या डेबीनं. चेअरमननं सेक्रेटरीच्या सहीनं नोटीस काढावी, तसलं हे प्रामाणिकपण. पण ग्रॅहम! ती आली की बाकीचे सगळे फर्निचर वाटतात.

मग तो प्रसंग. तो गुंड, ली मार्विन, डेबीवर फेकायला उकळत्या कॉफीचं भांडं उचलतो. लांग भांडं दाखवतो आणि किंकाळी ऐकवतो. भाजतानाचा चेहरा दाखवतच नाही. म्हणूनच अंगावर काटा येतो. नेमके तेव्हाच काका दचकले आणि थर्मासचं भरलेलं झाकण माझ्या मांडीवर रितं झालं. दुसरी किंकाळी माझी.

“घाबरू नका, कोमट आहे.” मग वळून बघणाऱ्या पुढच्या रांगेला, “काही नाही, कोमट आहे, कोमट!” रुमाल काढला आणि स्वतःची मांडी पुसली. “साखर आहे हो, चिकट होतं.”

सॉरी? नाही. उलट, “बघा, आता हीपण जाणार.”

डेबी त्याच गुंडाच्या तोंडावर उकळती कॉफी फेकते तेव्हा मी एकट्यानं टाळी वाजवली. शेवटी बॅनियन पुन्हा नोकरीवर. नव्या खुनाचा फोन येतो. निघताना सांगून जातो, कॉफी गरम ठेवा. इतक्या कॉफीकांडानंतर! लांगचा हा थंडपणा मला फार आवडतो. काकांनाही आवडला. “गरम ठेवा म्हणतोय. आमच्याकडे कोण ऐकतं?”

दिवे लागले. काका थर्मास खुर्चीवर ठेवून बाथरूमकडे गेले. हलवून पाहिला, अर्धा कप होती. इकडेतिकडे बघून पिऊन टाकली.

साखर खरंच फार होती.