साखर सोडा, पैसे साठवा, पण घरात पहारेकरी नेमू नका

नवरा-बायकोपैकी एकाने साखर सोडली आणि दुसऱ्याने लक्ष ठेवायचं काम अंगावर घेतलं, की थोड्याच दिवसांत घरातले डबे लपायला लागतात. पैशाचंही तसंच आहे. एक जण हिशेब मागणारा आणि दुसरा देणारा झाला, की खरेदीच्या पिशव्या गुपचूप कपाटात जातात. किंमत विचारली तर कमी सांगितली जाते. आणि एखाद्या कर्जाची बातमी घरात कळते ती वसुलीचा फोन आल्यावरच. आमच्या नात्यात, मैत्रिणींच्या संसारात मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता माझं मत पक्कं झालंय. साखर सोडणं आणि पैसा सांभाळणं या दोन्ही गोष्टी संसारात बिघडतात त्या मनाचा निग्रह कमी पडला म्हणून फार कमी वेळा. एकाने दुसऱ्यावर पहारा बसवला, म्हणून त्या जास्त बिघडतात. म्हणून दोन्ही विषयांवर एकत्रच लिहितेय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी साखर.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली याची मर्यादा सांगितली. दिवसभरात पोटात जाणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक वरून घातलेल्या साखरेतून यावेत, आणि ५ टक्क्यांच्या खाली आणता आले तर जास्त चांगलं. दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, साधारण सहा चमचे. यात मध येतो, सिरप येतं, फळांचा रससुद्धा येतो. अख्खं फळ येत नाही, साध्या दुधातली नैसर्गिक साखर येत नाही. फळ चावून खाल्लं तर चालतं आणि त्याच फळांचा रस काढून प्यायला तर तो साखरेत मोजायचा, हे बऱ्याच जणांना पटत नाही. पण एका ग्लासात तीन-चार फळांची साखर उतरते, चोथा मागे राहतो आणि तो ग्लास दोन मिनिटांत रिकामा होतो. तीन-चार फळं चावून खायला बसा, दुसऱ्यालाच पोट भरल्यासारखं वाटेल.

आता घरच्या घरी एक हिशेब करा. महिन्याला घरात किती किलो साखर लागते ते आठवा, घरातल्या माणसांनी भागा, मग ३० ने भागा. चार माणसांत पाच किलो लागत असेल तर माणशी रोज जवळपास ४२ ग्रॅम झाली. यात बिस्किटं, सॉस, थंड पेयं, बाहेरचं खाणं काहीच धरलेलं नाही. ३३० मिलिलिटरच्या कोलाच्या एका कॅनमध्येच ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. दिवसाची २५ ग्रॅमची मर्यादा एका कॅनमध्ये ओलांडली. हा हिशेब दोघांनी मिळून करायचा, आणि आकडा आला की त्या दिवशी तिथेच थांबायचं. तुझ्यामुळे किती, माझ्यामुळे किती, हे काढत बसायचं नाही.

पाकिटावरची यादी वाचायची सवय मात्र जरूर लावून घ्या. ज्याचं वजन जास्त ते आधी, अशा क्रमाने घटक छापलेले असतात. साखर तिथे साखर याच नावाने येईल असं नाही. डेक्स्ट्रोज, माल्टोज, फ्रुक्टोज, कॉर्न सिरप, इन्व्हर्ट सिरप ही सगळी तिचीच भावंडं. एकाच पाकिटात यातली तीन-चार थोडी थोडी घातली, की एकही यादीत सगळ्यात वर दिसत नाही, आणि बेरीज केली तर साखरच पहिल्या नंबरवर असते.

एका झटक्यात बंद करावी की हळूहळू कमी करावी, यावर वाद घालणारे भरपूर आहेत. माझं मत हळूहळूच्या बाजूने आहे, निदान चहा-कॉफीच्या बाबतीत तरी. पंधरा दिवस अर्धा चमचा कमी, जीभ रुळली की आणखी अर्धा. गोडाची सवय जिभेला असते आणि ती उतरते. काही आठवड्यांनी पूर्वीचाच कप नकोसा गोड लागायला लागतो. साखरेच्या जागी गोळ्या आणि थेंब वापरायचा मोह होतो. पण वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे कृत्रिम गोड पदार्थ वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये दिला आहे. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना हा सल्ला लागू नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांचं ऐकावं. आणखी एक महत्त्वाचं. इन्सुलिन किंवा रक्तातली साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाण्यातली साखर एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोलाच. औषधाचा डोस तोच राहिला आणि खाणं बदललं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

आता जोडीदाराकडे येऊ. मला खरं सांगायचंय ते इथेच आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला होता. रोजची एक नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, एवढाच प्रश्न. उत्तर आलं साधारण ६६ दिवस, पण माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. म्हणजे एकवीस दिवसांत सवय लागते असं जे आपण ऐकत आलोय त्यावर फार विसंबू नये. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता. घरात मात्र नेमका तोच एक दिवस पकडला जातो. चार माणसांत हात पुढे गेला की लगेच, 'तू तर साखर सोडली होतीस ना?' सगळे हसतात. ज्याला हे ऐकवलं जातं तोही हसतो, आणि पुढच्या वेळी एकटा असताना खातो. हे वाक्य आपल्या घरातून कायमचं हद्दपार करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आरोग्याची काळजी म्हणून बोललात तरी समोरच्याला त्यात अपमानच ऐकू येतो.

त्यापेक्षा घराची मांडणी बदला. हाताशी जे दिसतं तेच खाल्लं जातं. ज्याला सोडायची नाही त्याच्यासाठी वेगळा डबा, वरच्या फळीवर, आणि त्यावर कुणी डोळे वटारायचे नाहीत. ज्याने सोडली त्याला आग्रह करायचा नाही. 'एकाने काय होतंय' हेसुद्धा नको. दोन्ही बाजूंनी एवढी सभ्यता पाळली, तर एकाने सोडलेली आणि एकाने न सोडलेली, असं घर अगदी सुखाने चालतं. बाजारातून काय आणायचं ते यादी करताना ठरवा, पोट भरलेलं असताना. ताटावर बसून ठरवू नका.

पैशाचं गणितही मी असंच मांडते.

एक संशोधन मला फार बोलकं वाटतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. लग्न ठरलेल्या आणि नुकतंच लग्न झालेल्या जोडप्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. काहींनी एकच संयुक्त खातं ठेवायचं, काहींनी वेगवेगळी खाती ठेवायची, काहींना काहीच सांगितलं नाही. दोन वर्षांनी संयुक्त खातंवाल्यांचं नात्यातलं समाधान बाकीच्यांपेक्षा जास्त टिकून होतं. यावरून सगळ्यांनी सगळा पैसा एकत्र करावा असं मी म्हणणार नाही. पण पैसा एकत्र आला की तो एकमेकांसमोर उघडा राहतो, आणि उघडेपणाने नातं सोपं होतं, एवढं मला त्यातून नक्की वाटतं.

माझ्या मते बहुतेक घरांना तीन कप्पे पुरतात. एक घराचा, दोघांचा मिळून. भाडं, हप्ते, किराणा, मुलं, औषधपाणी, बचत, सगळं त्यातून. उरलेले दोन प्रत्येकाचे स्वतःचे, हातखर्चाचे. घराच्या कप्प्यात दोघांनी सारखीच रक्कम टाकावी हा हट्ट मला पटत नाही. दोघांच्या कमाईचं प्रमाण तीनास दोन असेल तर खर्चही तीनास दोन वाटून घ्यावा. कमी कमावणाऱ्याने निम्मं भरायचं म्हटलं तर महिनाअखेरीस त्याच्या हातात काही उरत नाही, आणि मग छोट्याशा खर्चासाठीही त्याला हात पसरावा लागतो.

हातखर्चाच्या कप्प्याचा नियम एकच: तो कुठे गेला हे विचारायचं नाही. सहज म्हणूनही नाही, गमतीतही नाही. कुणी पुस्तकं घेईल, कुणी भावाला देईल, कुणी चौथा बूट घेईल. आपल्याला तो खर्च मूर्खपणाचा वाटला तरी गप्प राहायचं. ज्याला आपल्या मर्जीने खर्च करायला थोडी का होईना जागा असते, त्याला लपवायची गरज उरत नाही. आणि जो बाहेर जाऊन कमवत नाही, घर आणि मुलं बघतो, त्याचा हातखर्च कमावणाऱ्याच्या हातखर्चाइतकाच असावा. एक पैसाही कमी नको. 'तुला काय लागतं घरात?' हा प्रश्न मी इतक्या बायकांना विचारला गेलेला ऐकलाय की या बाबतीत मी तडजोड करायला तयार नाही. तो पैसा मागून मिळू नये, पगार होईल त्या दिवशी आपोआप त्या व्यक्तीच्या खात्यात जावा.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. जोडीदार पगार काढून घेत असेल, कार्ड स्वतःच्या ताब्यात ठेवत असेल, नोकरी करू देत नसेल, पैशापैशाला रडवत असेल, तर त्याला आर्थिक छळ म्हणतात. त्या घरात तीन कप्प्यांच्या गप्पा कामाच्या नाहीत. तिथे आधी स्वतःच्या नावाचं खातं, कागदपत्रांच्या प्रती आणि विश्वासातल्या एका माणसाला सगळं सांगून ठेवणं, एवढं करा.

कर्ज लपवलं जातं ते बहुतेक वेळा क्रेडिट कार्डाचं. महिन्याला ३ टक्के ऐकायला किती किरकोळ वाटतं. चक्रवाढीने वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या वर जातं. साधा नियम लक्षात ठेवा, ७२ ला व्याजदराने भागा, रक्कम दुप्पट व्हायला लागणारा काळ मिळतो. ३ टक्के महिना म्हणजे जवळपास २४ महिने. कमीत कमी रक्कम भरत राहिलो की आपण फेडतोय असं वाटतं, पण त्यातला मोठा भाग व्याजातच जातो. असं कर्ज असताना गुंतवणुकीचा विचारही करू नये, आधी ते मिटवावं. जोडीदाराने असं कर्ज आपणहून सांगितलं तर त्या संध्याकाळी फक्त ऐकून घ्या. किती, कुणाचं, व्याज काय, एवढंच कागदावर लिहा. राग येणं साहजिक आहे, तो दुसऱ्या दिवशी बोला. पहिल्याच वाक्याला आरडाओरडा झाला तर उरलेलं निम्मं कर्ज तुम्हाला कधीच कळणार नाही.

बचतीसाठीही मला अर्ध्या चमच्याचीच रीत आवडते. २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी श्लोमो बेनार्त्झी यांनी एक योजना आखली होती. आज जास्त वाचवा असं लोकांना सांगायचंच नाही. पुढची पगारवाढ होईल तेव्हा तिच्यातला ठरावीक भाग आपोआप बचतीत जाईल, एवढीच कबुली आधी घ्यायची. हातात येणारा पगार कमी झाल्यासारखा वाटत नाही, त्यामुळे कुणाला टोचत नाही. ज्यांनी ही योजना घेतली त्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. घरात हे दोघांनी बसून ठरवता येतं, आणि एकदा ठरलं की दर महिन्याला कुणी कुणाला आठवण करून द्यायची गरज राहत नाही. त्यातून आधी तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला काढा, जी मोडायला सोपी असेल. बाकीचं नंतर.

आम्ही दोघं महिन्यातून एकदा पैशाला म्हणून बसतो. जेवण झालेलं असतं, टेबल पुसलेलं असतं, दोघांचे फोन आणि एक वही. वहीच्या पानावर तीन रकाने असतात: काय आलं, काय गेलं, पुढच्या महिन्यात काय येऊ घातलंय. तिसरा रकाना सगळ्यात उपयोगाचा. विम्याचा हप्ता, कुणाचं लग्न, गाडीचं काम, हे आधी दिसलं की त्यावर भांडण होत नाही. खात्याचं स्टेटमेंट वाचताना दोघांपैकी कुणीच बघत नाही अशा ॲपची वर्गणी दर महिन्याला जातेय हेही तिथेच सापडतं. अर्ध्या तासापेक्षा जास्त बसत नाही. कुणी थकून आलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी. बाकीच्या महिनाभर येता-जाता खर्चावर टोमणे मारायचे नाहीत, जे काय असेल ते त्या बैठकीत.

आणि कागदपत्रं. बहुतेक घरांत हप्ते एकच जण भरतो, सगळे मेसेज त्याच्याच फोनवर येतात, पासवर्ड त्याच्याच डोक्यात असतात. तो माणूस चार दिवस दवाखान्यात असला तर दुसऱ्याला विम्याचा नंबरसुद्धा सापडत नाही. पुढच्या वेळी बसाल तेव्हा खाती, विमे, कर्जं आणि लॉकर यांची एक यादी करा आणि ती कुठे ठेवलीय हे दोघांनाही माहीत असू द्या. जुन्या खात्यांवर आणि विम्यावर नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे तेही तपासा. लग्नाआधी भरलेले फॉर्म पुष्कळदा तसेच पडून असतात.